लग्नाची नोंद व लग्नाचा आशीर्वाद

लग्न लावतो कोण, सरकार कीं मंडळी? हा प्रश्न ऐकून आमच्या खेड्यांतील पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. ते म्हणतील कीं, लग्न पाळकसाहेब लावितात. ह्यांत विचारण्यासारखें काय आहे? परंतु दोन पुरुषांस अथवा दोन स्त्रियांस एकमेकांशीं कायदेशीर विवाह करितां यावा कीं नाहीं, हा वाद आमच्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे, आणि फोनच्या द्वारें तो गांवच्या पारावर व देवळाच्या दारांतहि येऊन पोंचला आहे. उपदेशकांस लोक विचारितात कीं, आपलें ह्यावर म्हणणें काय? कोणी रागानें विचारितो, कोणी थट्टेनें विचारितो, आणि एखादी आई हलक्या आवाजांत विचारिते, कारण तो प्रश्न तिच्या घरांतच येऊन बसलेला असतो. तिघांसहि उत्तर दिलें पाहिजे, आणि तें ऐकीव गोष्टींवरून देतां कामा नये. म्हणून आधीं घडलें काय तें पाहूं, आणि मग आमचें कर्तव्य काय ह्याचा विचार करूं.

सन १८६० सालीं इंग्रज सरकारनें ह्या देशासाठीं दंडसंहिता केली. तिच्या ३७७ व्या कलमानें अशा संबंधास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेविली. हें कलम दीडशें वर्षांहून अधिक काळ टिकलें. २००९ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें, प्रौढ माणसांच्या परस्परसंमतीच्या खासगी संबंधांपुरतें तें रद्द ठरविलें. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें पुन्हां जिवंत केलें. आणि शेवटीं ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, दोन प्रौढ माणसांस अशा कारणासाठीं गुन्हेगार म्हणतां येणार नाहीं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्यांत तें कलम मुळींच नाहीं.

पण तुरुंगाची भीति गेली म्हणजे घर उभें राहिलें असें होत नाहीं. समजा, दोन स्त्रिया वीस वर्षें एका चुलीवर जेवल्या, दोघींनीं मिळून घर बांधिलें, आणि एक आजारी पडली. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही कोणी करावी? ती मरण पावली आणि मृत्युपत्र केलेलें नसलें, तर वीस वर्षें जो भाऊ दारीं आला नाहीं तोच वारस ठरून त्या घरास कुलूप लावूं शकतो. जिनें तिची शुश्रूषा केली ती कायद्याच्या दृष्टीनें कोणी नव्हे. नवऱ्यामागें बायकोस मिळणारें निवृत्तिवेतन, दत्तक मुलास दोघांचेंहि नांव लागणें, मृत्युपत्रावांचून मिळणारा वारसा, ह्या सर्वांचें मूळ लग्नाच्या एका नोंदींत आहे.

ही नोंद मिळावी म्हणून अनेक जोडप्यांनीं सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केले. न्यायालयानें कोणत्याहि धर्माच्या विवाहकायद्यास हात घातला नाहीं. १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्यापुरताच, म्हणजे रजिस्ट्रारच्या कचेरींत होणाऱ्या लग्नापुरताच विचार केला. एप्रिल व मे २०२३ मध्यें दहा दिवस सुनावणी झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं निकाल लागला. लग्न करण्याचा हक्क हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क नाहीं, आणि ह्या कायद्यांत असा बदल करणें हें संसदेचें काम आहे, ह्यावर पांचहि न्यायाधीशांचें एकमत झालें. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ति संजय किशन कौल ह्यांचें म्हणणें पडलें कीं, अशा जोडप्यांच्या सहजीवनास सरकारनें मान्यता देऊन कांहीं हक्क दिले पाहिजेत. न्यायमूर्ति रवींद्र भट, हिमा कोहली व नरसिंह ह्या तिघांनीं तसा हुकूम देण्याचें नाकारिलें, आणि बहुमत म्हणून तेंच कायम झालें. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्यें फेटाळण्यांत आले.

तथापि त्या तिघांनींहि ह्या लोकांस हीन म्हटलें नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. एकत्र राहण्याचा त्यांचा हक्क त्यांनीं मान्य केला, आणि त्यांच्या अडचणी पाहण्यासाठीं केंद्र सरकारच्या कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमावी असें सांगितलें. ती समिति २०२४ सालीं नेमली गेली. त्याच वर्षीं सरकारी खात्यांनीं कळविलें कीं, अशा जोडीदारांस शिधापत्रिकेसाठीं एकाच घरचे समजावें, आणि त्यांनीं बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास किंवा खात्यावर एकमेकांचें नांव वारस म्हणून सुचविण्यास आडकाठी नाहीं. म्हणजे आज स्थिति अशी आहे कीं, रेशनच्या दुकानांत तीं दोघें एका घरचीं, आणि लग्नाच्या नोंदवहींत तीं एकमेकांचीं कोणी नव्हेत.

इतर देशांत काय झालें तें थोडक्यांत सांगतों. नेदरलँड्स देशानें १ एप्रिल २००१ रोजीं असा विवाह सर्वांच्या आधीं कायदेशीर केला. आतां असे देश ३५ हून अधिक आहेत. आशिया खंडांत तैवाननें २०१९ सालीं व थायलंडनें जानेवारी २०२५ मध्यें तसें केलें. शेजारच्या नेपाळांत न्यायालयाच्या हुकुमानंतर २९ नोव्हेंबर २०२३ रोजीं लामजुंग जिल्ह्यांतील एका गांवपालिकेनें, कागदोपत्रीं दोघेहि पुरुष असलेल्या एका जोडप्याचें लग्न नोंदविलें. तेव्हां हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांचा किंवा श्रीमंत देशांचा राहिलेला नाहीं.

आतां आमच्या देवळांतील टेबलाकडे वळूं. मंडळींत लग्न लागतें तेव्हां तेथें दोन कामें होतात. १८७२ सालचा ख्रिस्ती विवाहाचा कायदा आजहि चालू आहे. त्याप्रमाणें परवाना मिळालेला पाळक वधूवरांकडून वचनें घेतो, प्रार्थना करितो व आशीर्वाद देतो. आणि मग टेबलापाशीं बसून नोंदवहींत नांवें व वयें लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि त्या नोंदीची नक्कल सरकारकडे पाठवितो. वधूवरांपुढें उभा असतां तो मंडळीचा सेवक असतो. टेबलापाशीं बसला म्हणजे तो सरकारचा लेखनिक असतो. एकच माणूस दोन्ही कामें करितो म्हणून तीं एकच आहेत असा लोकांचा समज होतो. परंतु रजिस्ट्रारच्या कचेरींतलें लग्न आशीर्वादावांचूनहि कायद्यानें पुरें असतें, आणि नोंदीवांचून नुसता आशीर्वाद मिळाला तर विधवेस निवृत्तिवेतन मिळवितांना किती हेलपाटे पडतात, हें आमच्या उपदेशकांस ठाऊक आहे.

हा भेद नवा नव्हे. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्या संस्कार दोनच मानितात, बाप्तिस्मा व प्रभुभोजन. सोळाव्या शतकांत ल्यूथरनें शिकविलें कीं, लग्न ही ऐहिक बाब असून तिची व्यवस्था राज्यकर्त्यांकडे आहे. कॅल्व्हिननेंहि लग्नास संस्कार म्हणण्याचें नाकारिलें, आणि शेती व घरबांधणी ह्यांशीं त्याची तुलना केली. लग्न अपवित्र आहे असें त्या पुरुषांस म्हणावयाचें नव्हतें. शेत नांगरणें हें जसें देवानें नेमिलेलें असून सर्व मानवांचें काम आहे, तसें लग्नहि सर्व मानवांचें आहे, केवळ मंडळीच्या सभासदांचें नव्हे, असा त्यांचा भाव होता. हॉलंड प्रांतांत १५८० सालींच, जे तेथील राजमान्य मंडळीचे नव्हते त्यांस सरकारी अधिकाऱ्यांपुढें लग्न करण्याची मोकळीक मिळाली. आपला आशीर्वाद ज्यास देतां येत नाहीं त्याचेंहि घर कायद्यानें राखावें, हें त्या लोकांस तेव्हांच उमगलें होतें.

ही मोकळीक म्हणजे काय, हें आमच्याहून अधिक कोणास कळावें? आमच्या आज्यापणज्यांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां कित्येकांस जातीनें वाळींत टाकिलें, आणि कित्येकांच्या बायका माहेरच्या माणसांनीं परत नेल्या. नवरा जिवंत, बायको जिवंत, पण संसार नाहीं. आणि नवा संसार करावा तर कायद्याचा आधार नाहीं. १८५० सालच्या कायद्यानें ठरविलें कीं, धर्म बदलल्यामुळें माणसाचा वारसा बुडूं नये. १८६६ सालच्या कायद्यानें, ख्रिस्ती झाल्याकारणानें जोडीदारानें टाकिलेल्या माणसास न्यायालयांत जातां येऊं लागलें. न्यायालय एक वर्ष वाट पाहावयास लावी, आणि तरीहि जोडीदार नांदावयास न आला तर लग्न मोडून दोघांसहि मोकळें करी. १८७२ सालीं ब्राह्मसमाजाच्या केशवचंद्र सेन ह्यांच्या खटपटीनें पहिला विशेष विवाह कायदा झाला. पण त्याखालीं लग्न करणारास, आपण हिंदु, ख्रिस्ती, मुसलमान इत्यादि कोणत्याच धर्माचे नाहीं असें लिहून द्यावें लागे. १९५४ सालच्या कायद्यानें ती अट काढून टाकिली. नोंदवहीचें दार असें हळूहळू रुंद होत आलें आहे.

प्रत्येक वेळीं दारांत कोणीतरी आडवें उभें राहिलें. धर्म बुडतो, घरें मोडतात, ही परकी रीत आहे, असें त्या काळींहि म्हटलें गेलें, आणि तें आमच्याविषयीं म्हटलें गेलें. पण कायद्यानें आमच्या शेजाऱ्यांस आमचा धर्म खरा मानावयास लाविलें नाहीं. आमच्या लग्नास आशीर्वाद द्या असेंहि सांगितलें नाहीं. ह्या थोड्या लोकांस घर असूं द्या, एवढेंच सांगितलें. त्या झाडाच्या सावलींत आम्ही बसलों आणि वाढलों. आतां दुसरे थोडे लोक त्या सावलींत येऊं पाहतात तर आम्हीं कुऱ्हाड हातीं घ्यावी काय?

ह्यावर ज्या शंका निघतात त्या खऱ्या मनानें निघतात, म्हणून त्यांचा मान राखून उत्तर देतों.

कोणी म्हणेल, पवित्र शास्त्रांत ह्याविरुद्ध स्पष्ट शब्द आहेत. लेवीयाच्या पुस्तकांत व रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत ते शब्द आहेत, आणि आम्ही ते झांकीत नाहीं. त्यांचा अर्थ कसा लावावा ह्याविषयीं विद्वान व भक्तिमान माणसांतहि आज मतभेद आहे. परंतु त्यांचा अर्थ कांहींहि लाविला तरी त्यावरून मंडळीनें कशास आशीर्वाद द्यावा हें ठरेल. सरकारनें काय नोंदवावें हें ठरणार नाहीं. घटस्फोटाविषयीं प्रभूचे शब्द शुभवर्तमानांतच आहेत, व ते कडक आहेत. तरी १८६९ सालच्या घटस्फोटाच्या कायद्यांत पुरुषास बायकोचा व्यभिचार दाखविणें पुरे होई, आणि स्त्रीस मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा दुसरा एखादा अपराध सिद्ध करावा लागे. हा अन्याय २००१ सालीं दूर झाला, आणि परस्परसंमतीनें वेगळें होण्याची वाटहि मिळाली. ह्यासाठीं ख्रिस्ती स्त्रियांनींच पुष्कळ वर्षें खटपट केली होती. आम्ही मंडळींत लग्न अभंग राखण्याचा उपदेश करीतच राहिलों, आणि मार खाणाऱ्या बहिणीस कायद्याची वाटहि मोकळी राहिली. उपदेश व कायदा दोन्ही एका गांवांत नांदले.

दुसरा म्हणेल, हें खूळ परदेशांतून आलें. तर मग ३७७ वें कलम कोठून आलें होतें? तें कलकत्त्यास बसून इंग्रजांनीं लिहिलें. अशीं माणसें आमच्या देशांत पूर्वीं नव्हतीं म्हणावें तर त्यांस नांवें ठेवणारे शब्द आमच्या गांवच्या बोलींत कोठून आले? शिवाय ज्या ख्रिस्ती लोकांस दर निवडणुकींत परकी म्हणून हिणविलें जातें, त्यांनीं तरी परकी हा शब्द जपून वापरावा.

तिसऱ्याची भीति अशी कीं, उद्यां पाळकांस अशीं लग्नें लावण्याची सक्ति होईल. इंग्लंड व वेल्समध्यें २०१३ सालीं असा कायदा झाला तेव्हां त्याच कायद्यांत लिहिलें गेलें कीं, कोणत्याहि धर्मसंस्थेवर किंवा पाळकावर अशी सक्ति करतां येणार नाहीं. आमच्या देशांतहि मागणें रजिस्ट्रारच्या कचेरीपुरतेंच ऐकलें गेलें. कायदा करावयाचा झाल्यास असें रक्षण त्यांत घालावें, ही मागणी रास्त आहे, आणि ती आम्ही करूं. पण स्वतःचें दार सुरक्षित ठेवणें निराळें, आणि शेजाऱ्याचें दार बंद करणें निराळें.

चौथी शंका सर्वांत वजनदार आहे. अशानें संसाराची वीण उसवेल, घरें मोडतील, असें पुष्कळ वडील माणसें म्हणतात. वाचकहो, घरें कशानें मोडतात हें आम्हीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. एखाद्या मुलाचें मन स्त्रीकडे वळत नाहीं. तो तें आईबापांस सांगतो, किंवा सांगावयास धजत नाहीं. आईबाप म्हणतात, लग्न झालें म्हणजे ताळ्यावर येईल. दूरच्या गांवची, गरीब घरची मुलगी पाहतात. तिला व तिच्या बापास कांहीं कळवीत नाहींत. देवळांत लग्नाची सूचना वाचली जाते, ज्यांस ठाऊक असतें ते खालीं मान घालून बसतात, आणि लग्न लागतें. मग ती मुलगी वर्षामागून वर्षें स्वतःसच दोष देत राहते. मूल झालें नाहीं तर टोमणे तीच खाते. मूल झालें तर एकटीनें वाढविते. नवरा घरांत असून नसल्यासारखा, कधीं दारूंत बुडालेला, कधीं गांव सोडून गेलेला. आणि जेथें मुलीवरच असें लग्न लादलें जातें, तेथें तिचे हाल आम्हीं सांगावे असे नाहींत.

हीं घरें कोणी मोडलीं? रजिस्ट्रारपुढें सही करूं पाहणाऱ्या दोन माणसांनीं तर नव्हे. खोटी साक्ष देऊं नये अशी आज्ञा आम्ही लेंकरांस पाठ करावयास लावितों, आणि मग भरल्या मंडळींत, आशीर्वादाच्या छायेखालीं, एका निरपराध मुलीपुढें खोटी साक्ष देतों. लग्नाची पवित्रता ह्यानें जितकी भंगते तितकी सरकारच्या कोणत्याहि नोंदीनें भंगणार नाहीं. लग्नाचें मूळ राजीखुषी आहे. मुंबईच्या रखमाबाईंनीं, लहानपणीं लावून दिलेल्या लग्नाचा नवरा पत्करण्यापेक्षां तुरुंग पत्करीन असें १८८७ सालीं न्यायालयास कळविलें, तेव्हां सारा देश हादरला. पण त्यांचें म्हणणें खरें होतें हें आज कोणी नाकारीत नाहीं. आणि लग्नानें ही प्रवृत्ति बरी होते हा समजहि खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालीं तिचें नांव रोगांच्या यादींतून काढून टाकिलें, आणि आमच्या देशाच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२२ सालीं, ती पालटण्याचे उपचार करणें हें डॉक्टराचें गैरवर्तन होय असें ठरविलें. ह्यास्तव अंगांतलें भूत काढतों म्हणून मुलांस उपाशी ठेवणारे व झोडपणारे जे कोणी असतील, त्यांस उपदेशकांनीं थारा देऊं नये.

आतां उरला आशीर्वादाचा प्रश्न. ज्या मंडळ्यांनीं आमच्या प्रांतांत मिशनरी पाठविले त्यांतील कांहींनीं ह्याचें उत्तर दिलें आहे. १८१३ सालीं मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनच्या मूळ मंडळ्या ज्यांत मिळाल्या, त्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टनें २००५ सालीं समान विवाहहक्काच्या बाजूनें ठराव केला. चर्च ऑफ स्कॉटलंडनें २०२२ सालीं, ज्या पाळकांची इच्छा असेल त्यांस अशीं लग्नें लावण्याची परवानगी दिली. चर्च ऑफ इंग्लंडनें २०२३ सालीं अशा जोडप्यांसाठीं प्रार्थना करण्यास संमति दिली, पण लग्नाविषयींची शिकवण बदलली नाहीं. आमच्या देशांतील मंडळ्या बहुतेक जुन्या शिकवणीवरच आहेत. परदेशांतील मंडळ्यांनीं केलें म्हणून आम्हीं करावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं केलें म्हणून आम्हीं करूं नये असेंहि म्हणत नाहीं. हा प्रश्न मंडळीनें शास्त्र उघडून, प्रार्थना करून, आणि ज्यांच्याविषयीं बोलावयाचें त्यांस समोर बसवून सोडवावा. हा लेख तो सोडवीत नाहीं.

परंतु तो सुटेपर्यंत कोणास देवळाबाहेर उभें करण्याचा अधिकार आम्हांस मिळत नाहीं. गाजाच्या वाटेवर रथांत बसून शास्त्र वाचणारा तो कूशी षंढ, जुन्या नियमशास्त्राप्रमाणें देवाच्या मंडळींत येण्यास अपात्र होता. फिलिप्पानें त्याच्या देहाची चौकशी केली नाहीं. पाणी जवळ होतें, दोघेहि रथांतून खालीं उतरले, आणि त्याचा बाप्तिस्मा झाला. ह्या गोष्टीवरून लग्नाचा कायदा निघत नाहीं. पण दारांत आलेल्या माणसाशीं कसें वागावें हें तिच्यावरून पुरतें कळतें.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, उद्यां कोणी ह्या लोकांच्या मागणीविरुद्ध सह्यांचा कागद घेऊन आला, तर सही करण्यापूर्वीं त्यास विचारा कीं, हा कागद देवळांतील आशीर्वादाविषयीं आहे कीं कचेरींतील नोंदीविषयीं? आशीर्वाद राखण्यास सरकारची गरज नाहीं, आणि दुसऱ्याची नोंद अडविण्यास आमच्या सहीची गरज नसावी. ज्या लग्नांत वधूस किंवा वरास अंधारांत ठेविलें आहे असें तुम्हांस कळेल, तेथें सूचना वाचली जाण्याआधींच पाळकास सांगा. मागाहून रडण्यापेक्षां त्या वेळचा वाईटपणा बरा. आणि ती आई हलक्या आवाजांत विचारूं लागली, तर तिच्या मुलास घराबाहेर काढण्याचा सल्ला तिला देऊं नका. बसा, पाणी मागा, ऐकून घ्या. त्या मुलास आईबापांचें घर, गांवची विहीर व देवळांतील आपली जागा हीं आधींचींच आहेत. तीं कोणी त्यास नव्यानें द्यावयाचीं नाहींत. तीं हिरावून घेणाऱ्यांत आम्हीं नसावें, एवढी सुबुद्धि देव आम्हां सर्वांस देवो.